वाचकांचे प्रश्न : डिस्चार्ज बुकमधील सेवामुक्तीचे कारण दुरुस्त करता येते का?

प्रश्न : माझे वडील १९८४ मध्ये पायदळात भरती झाले आणि १९९५ मध्ये सेवामुक्त होऊन घरी आले. डोंगराळ भागात कामावर असताना पडल्याने त्यांचा गुडघा निकामी झाला होता, काही महिने ते लष्करी रुग्णालयात होते आणि त्यानंतर त्यांना लो मेडिकल कॅटेगरीत (पूर्ण तंदुरुस्त नसलेल्या जवानांच्या वैद्यकीय श्रेणीत) टाकण्यात आले. घरी येण्यापूर्वी त्यांची मेडिकल बोर्डापुढे तपासणीही झाली होती. असे असताना डिस्चार्ज बुकमध्ये (सेवामुक्त होताना मिळणाऱ्या पुस्तिकेत) मात्र ‘भरतीच्या अटी पूर्ण होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून’ असे कारण लिहिले आहे. त्यामुळे त्यांना कोणतीही पेन्शन मिळाली नाही. कोणत्या तरी कागदावर सही केल्याचे त्यांना आठवते, पण तो कागद इंग्रजीत होता. इतक्या वर्षांनी ही नोंद बदलता येईल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या वडिलांचे संपूर्ण प्रकरण डिस्चार्ज बुकमधील या एका ओळीवर अवलंबून आहे, म्हणून प्रथम तिचा अर्थ पाहू. जवानाची सेवामुक्ती आर्मी रूल्स, १९५४ मधील नियम १३ खाली होते आणि त्या नियमाच्या तक्त्यात सेवामुक्तीची कारणे वेगवेगळी दिलेली आहेत. सेवेची मुदत पूर्ण होणे, पुढील सेवेसाठी वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य ठरणे, स्वतःची विनंती आणि यांत न बसणारी उरलेली सर्व प्रकरणे, असे ते वर्ग आहेत. ११ वर्षांची सेवा झालेल्या जवानाने स्वतःहून नोकरी सोडली, तर त्याला सेवा पेन्शन मिळत नाही, कारण त्यासाठी १५ वर्षांची सेवा लागते. तोच जवान लष्करी सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या २० टक्के वा अधिक अपंगत्वामुळे सेवेबाहेर काढला गेला असेल, तर अपंगत्व पेन्शनसाठी किमान सेवेची अट आड येत नाही.

नोंद बदलता येते. मात्र अर्ज करताना ‘पेन्शन मिळावी म्हणून कारण बदलून द्यावे’ अशी मागणी कृपया करू नये. सेवामुक्ती प्रत्यक्षात वैद्यकीय कारणाने झाली होती आणि नोंद चुकीची आहे, एवढेच आपले म्हणणे असावे आणि ते लष्कराच्याच कागदांवरून सिद्ध व्हावे. या बाबतीत आपल्याला आधार देणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राजपाल सिंह यांच्या प्रकरणात दिला आहे. लो मेडिकल कॅटेगरीमुळे एखाद्याला सेवेतून कमी करायचे असेल, तर त्यासाठी इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाची, म्हणजे जवान वैद्यकीयदृष्ट्या सेवेस अयोग्य आहे का हे ठरवणाऱ्या मंडळाची, शिफारस आवश्यक आहे आणि तिला वळसा घालून सेवामुक्ती करता येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. म्हणून वडील ज्या बोर्डापुढे गेले, ते बोर्ड कोणते होते हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न ठरतो. नेहमीच्या सेवामुक्तीच्या वेळीही रिलीज मेडिकल बोर्ड होत असते, त्यामुळे केवळ ‘बोर्ड झाले’ एवढे सांगणे पुरेसे होणार नाही.

वडिलांनी सही केलेल्या कागदाविषयी मला अधिक काळजी वाटते. लो मेडिकल कॅटेगरीतील जवानाला हलके काम देऊन सेवेत ठेवण्याची सोय असते आणि त्याला तसे राहायचे नसेल, तर त्याच्याकडून अनिच्छा प्रमाणपत्र घेतले जाते. वडिलांची सही अशा प्रमाणपत्रावर असेल, तर सेवामुक्तीचे मूळ दुखापतीत आहे, असे मांडता येते. ती सही घरच्या अडचणीचे कारण देऊन केलेल्या साध्या विनंती अर्जावर असेल, तर बाजू बरीच कमकुवत होते आणि ‘इंग्रजी कळत नव्हते’ या एका मुद्द्यावर इतक्या वर्षांनी नोंद बदलली जाईल अशी आशा मी आपल्याला देणार नाही. वडिलांना शांतपणे बसवून त्या दिवशी काय घडले, कोणी काय सांगितले आणि हलके काम देऊ केले होते का, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

आता कागदांविषयी. पेन्शन न मिळणाऱ्या जवानाची सेवापत्रे रेकॉर्ड ऑफिसमध्ये साधारणतः २५ वर्षे ठेवली जातात आणि नंतर नष्ट केली जातात. त्यानंतर बहुधा लाँग रोलमधील, म्हणजे जवानांच्या कायम जपल्या जाणाऱ्या नोंदवहीतील, त्रोटक नोंद तेवढी उरते. १९९५ पासून ही मुदत उलटून गेली असल्याने घरातल्या ट्रंकेची किंमत सरकारी कपाटापेक्षा अधिक असू शकते. रुग्णालयातून सोडताना दिलेली चिठ्ठी, इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (दुखापतीच्या लष्करी चौकशीचा) कागद, कॅटेगरी बदलल्याची पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीतील बदलाचा लष्करी आदेश), एएफएमएसएफ-१६ या नमुन्यातील बोर्डाचा अहवाल, यांपैकी जे सापडेल ते जपून ठेवावे व त्याच्या छायाप्रती काढाव्यात. विशेष शोध एका पत्राचा घ्यावा. त्या काळी अपंगत्व पेन्शनचे दावे मंजुरीसाठी अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या, संरक्षण लेखा कार्यालयाकडे जात असत आणि दावा फेटाळला गेला तर तसे पत्र जवानाच्या पत्त्यावर येत असे. असे पत्र सापडले, तर अपंगत्वाचा प्रश्न त्याच वेळी उपस्थित झाला होता हे त्यातून सिद्ध होते.

उरलेल्या कागदांसाठी माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तो आपल्या नावाने न करता वडिलांच्या सहीने करावा, कारण मुलाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाण्याची शक्यता असते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. कागद नष्ट केले असल्यास नष्ट केल्याची तारीख आणि लाँग रोलमधील नोंदीची प्रमाणित प्रत याच अर्जात मागावी. अर्ज लिहून घेण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मिळते. थकबाकीतला वाटा ठरवून काम घेणाऱ्या मध्यस्थाकडे मात्र कृपया जाऊ नये.

कागद हाती आल्यावर रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे वडिलांच्या नावे निवेदन पाठवावे. ते फेटाळले गेल्यास त्या आदेशापासून सहा महिन्यांत, आणि सहा महिने उत्तरच न आल्यास त्यापुढील सहा महिन्यांत, सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे. एवढ्या वर्षांचा विलंब माफ करण्याची विनंती स्वतंत्रपणे करावी लागेल. १९९५ चा सेवामुक्तीचा आदेश आता रद्द करण्यास न्यायाधिकरण तयार होईलच असे नाही. पेन्शनचे प्रकरण वेगळे आहे, कारण हक्काची पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंह यांच्या प्रकरणात हे तत्त्व मान्य केले, पण थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित ठेवली.

नोंद बदलल्यास पुढची वाट तुलनेने सोपी होते. भरतीच्या वेळी जो आजार किंवा दोष नोंदवलेला नव्हता तो सेवेमुळेच आला असे मानावे, हे २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात स्पष्ट झाले आहे. वैद्यकीय कारणाने सेवेबाहेर काढलेल्या जवानाचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक होते असे गृहीत धरावे, असे २०१४ च्या सुखविंदर सिंह प्रकरणात म्हटले आहे. नोंद बदलली नाही तरी एक मार्ग राहतो. सेवेमुळे अपंगत्व येऊनही सेवेत ठेवलेले, त्याबद्दलची एकरकमी भरपाई न घेतलेले आणि नंतर स्वतःच्या विनंतीने बाहेर पडलेले सैनिक २००६ पूर्वीचे असले तरी त्यांना अपंगत्वाचा घटक, म्हणजे पेन्शनचा अपंगत्वापोटी मिळणारा भाग, देण्याचे आदेश संरक्षण मंत्रालयाने मे २०१७ मध्ये काढले आहेत. कॅटेगरी लागल्यानंतर वडिलांनी काही काळ सेवा केली असल्यास निवेदनात ही पर्यायी मागणी अवश्य घालावी.

प्रश्न : माझी १२ वर्षांची सेवा झाली असताना, चार रेड इंक एंट्रींमुळे (सेवापत्रात लाल शाईने नोंदवलेल्या शिक्षांमुळे) २०१३ मध्ये मला ‘सेवेची आवश्यकता नाही’ या कारणाने घरी पाठवण्यात आले. बहुतेक शिक्षा रजेवरून उशिरा परतल्याबद्दल होत्या. आता मला माजी सैनिक मानले जात नाही. ही बडतर्फी समजायची का?
— एक माजी जवान, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ही बडतर्फी नाही. बडतर्फी लष्करी कायद्याखाली वेगळ्या आदेशाने होते, आपली सेवामुक्ती नियम १३ खालची आहे, आणि कोणी आपल्याला बडतर्फ म्हणत असेल तर डिस्चार्ज बुक दाखवून ते दुरुस्त करून घ्यावे. अडचण दुसरीकडे आहे. केंद्र सरकारच्या नियमांतील माजी सैनिकाच्या व्याख्येत गैरवर्तनामुळे किंवा अकार्यक्षमतेमुळे सेवामुक्त झालेले बसत नाहीत.

चार एंट्री झाल्या म्हणजे सेवामुक्ती आपोआप होते, हा समज चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सांगितले. जवानाने किती वर्षे आणि किती खडतर ठिकाणी सेवा केली, चुकांचे स्वरूप काय होते, पेन्शनला किती काळ उरला होता, याचा विचार व्हायला हवा, आणि कारणे दाखवा नोटिशीपूर्वी निःपक्ष प्राथमिक चौकशी व्हायला हवी, असे तो निकाल सांगतो. त्या प्रकरणात पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत अर्जदार सेवेत होता असे मानण्यात आले, मागील पगार मात्र दिला गेला नाही. २०१९ च्या सतगुर सिंह प्रकरणात याच न्यायालयाने सविस्तर चौकशीचा आग्रह धरलेला नाही आणि जवानाला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली होती का यावर भर दिला आहे, हेही लक्षात ठेवावे. आपल्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली होती का, आपण तिला काय उत्तर दिले आणि आदेशात त्या उत्तराचा विचार दिसतो का, हे तीन कागद आधी मिळवावेत. आपली सेवापत्रे नष्ट होण्याची २५ वर्षांची मुदत अद्याप संपलेली नाही, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज याच महिन्यात करावा.