माळ्यावरून रंगपेटी उतरवली, आता पुढं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापूरचीच, मंगळवार पेठेत राहते, वय ४७. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर पंचगंगा घाटावर लँडस्केप करायला जायचो. मग लग्न, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, सुटलं ते सुटलंच. आता मुलगा पुण्याला गेलाय आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून रंगपेटी निघाली, ट्यूबा पार दगड झाल्यात. दोन-तीनदा बसले पण जे उतरलं ते बघवेना, जुनी चित्रं कितीतरी बरी होती. मिस्टर म्हणतात क्लास लाव. लावू का? नवीन सामान घेऊ का? का राहू दे आता?

उत्तर : राहू दे कशाला? आधी तुम्हाला का बघवेना ते सांगते. एवढी वर्षं हात बंद होता, डोळा बंद नव्हता ना. रोज रंकाळ्यावरून जाताना पाणी बघितलंत, साड्या निवडताना रंग बघितलेत, त्यामुळे चूक आता झटक्यात दिसते आणि हात मात्र अजून कॉलेजात होता तिथवरही पोचला नाहीय. ए ग्रेडवालीला हे जरा जास्तच टोचतं. तेव्हा ती जुनी चित्रं समोर मांडून बसू नका, कपाटात घाला.

आता सामान. ट्यूबा टाकू नका हो! जलरंगात डिंक असतो, तो वाळला तरी पाण्यानं परत सुटतो. ट्यूब ब्लेडनं उभी चिरायची, आतला खडा जुन्या पॅलेटच्या खणात ठेवायचा, वर दोन-चार थेंब पाणी टाकून रात्रभर सोडायचं, सकाळी ओला ब्रश फिरवला की रंग येतो. बुरशीचा वास आला तर मात्र फेकाच, आणि त्यात अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा असतील तर त्यांचं काही होत नाही, ते वाळलं की प्लास्टिक. कागदाचं उलटं आहे. आपल्याकडचे पावसाळे माळ्यावर काढलेल्या कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) जातं, मग वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारला की टीपकागदासारखा पितो आणि गडद ठिपके उठतात. कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा, लगेच आत गेला तर तो पॅड पेन्सिलला ठेवा. मला तर वाटतं तुमच्या त्या दोन-तीन चित्रांतला निम्मा दोष कागदाचाच असणार. खर्च करायचाच तर तिथं करा, ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, एक मोठा शीट घ्या आणि त्याचे आठ तुकडे करा, म्हणजे तुकडा वाया गेला तरी जीव जळत नाही. (महागडे ब्रश तूर्त नकोत, दुकानदार काहीही म्हणू दे.)

आणि घाट लगेच घेऊ नका. पायऱ्या, दीपमाळा, माणसं, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं एकदम अंगावर येतं. आधी एकच रंग घ्या, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) चालेल. बोर्डाखाली पुस्तक सरकवून थोडा उतार द्या, ब्रश भरून आडवी पट्टी ओढा, तिच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साठतं, ते सुकायच्या आत पुढची पट्टी त्याला भिडवायची, असं करत खाली यायचं आणि शेवटी पिळलेल्या ब्रशनं उरलेलं पाणी उचलायचं. बोअर आहे, मान्य. पण पाणी किती आणि रंग किती हे फक्त हातालाच कळतं, आणि तेच आधी विसरायला होतं. हे जमायला लागलं की त्याच एका रंगात खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, समोरची कौलं, असलं काहीतरी करा. गडद कुठं, फिकं कुठं, एवढंच बघायचं.

त्यासाठी राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय परत एकदा बघून या. सिनेमातला एवढा नावाजलेला नट, पण त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी रंगपूड घासून केलेली, निसर्गचित्रं बघा, नुसत्या छटांवर लांबचा डोंगर लांब कसा जातो ते जवळ उभं राहून कळतं. जुने चित्रकार आबालाल रहमान यांचं कामही कुठं बघायला मिळालं तर सोडू नका, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तो माणूस कोल्हापुरात परत आला आणि हाच रंकाळा, हेच कोटितीर्थाचं तळं रंगवत राहिला. आपल्याला विषय शोधत हिंडायची गरजच नाही!

एक कुणी सांगत नाही ते म्हणजे चष्मा. सत्तेचाळिशीत लांबचं बघायला वेगळी नजर आणि कागदाला वेगळी, त्यात वाचायचा चष्मा घालून समोरचं झाड बघितलं की धुरकट. नंबर तपासून घ्या, हात बिघडलाय असं वाटण्यात त्याचाही वाटा असू शकतो.

क्लासचं म्हणाल तर आत्ता नको. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारणीचा कागद बघणार, आणि सर स्वतःच ब्रश घेऊन तुमचं चित्र सुधारून देणार. दोन-चार महिने घरी हात फिरू दे, मग कशात अडतंय ते तुम्हाला नेमकं सांगता येईल, तेव्हा लावा. आणि तोवर फॅमिली ग्रुपवर एकही फोटो टाकू नका, तिथं सगळ्यालाच ‘मस्त’ म्हणतात.