मिलानला यायचं म्हणतेस, तेही मुलीला घेऊन

फॅशन डिझाइन शिकले आहे, मिलानला एक कोर्स करून तिथेच करिअर सुरू करावं का, आणि अकरा वर्षांच्या मुलीला सोबत आणू का, असं विचारलंयस. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, रागावू नकोस. व्हिसा, फी, कॉलेजं हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

पोर्टफोलिओत नुसती सुंदर चित्रं घालून येऊ नकोस. चित्रं काढणाऱ्यांची इथे रांग आहे, कापड बेतणारे कमी. मीही डिझायनर व्हायला आले आणि मोदेल्लिस्ता झाले, म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावरून पॅटर्न उतरवणारी. पहिल्या मुलाखतीत त्या बाईंनी माझी स्केचेस उघडलीसुद्धा नाहीत. मांजरपाटाचा नमुना उलटा केला, मुंढ्याची शिवण पाहिली आणि विचारलं, बाही मुंढ्यापेक्षा एवढी मोठी का कापलीस? उत्तर देता आलं म्हणून काम मिळालं. तेव्हा फसलेले नमुने आणि त्यांची दुरुस्ती, दोन्हींचे फोटो ठेव. उरेब, म्हणजे तिरक्या बेतलेल्या, कापडावर काही केलं असशील तर ते सगळ्यात वर. पॅटर्न संगणकावर येतो का हे लगेच विचारतात. लेक्ट्रा कंपनीचं मोदारिस हे सॉफ्टवेअर शिकून ये. मापांत इथला ४२ म्हणजे फ्रेंच ३८, हे घोकायला लागेल. आणि विद्यार्थी म्हणून राहण्याच्या परवान्यावर आठवड्याला २० तास काम करता येतं. फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या फॅशन वीकआधी हे २० तास म्हणजे नुसता विनोद.

परवान्याचा विषय निघालाच आहे. आल्यावर ८ दिवसांत पोस्टातून अर्ज करायचा, मग हातात पावती, मग बोटांचे ठसे, मग वाट. एका वर्षी कार्ड मिळालं तेव्हा त्याची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते! पुन्हा अर्ज, पुन्हा पावती. त्याच सुमारास आमची टीम पॅरिसला प्रीमिएर व्हिजनला गेली, कापडाचं मोठं प्रदर्शन असतं ते. नुसत्या पावतीवर मला फ्रान्सला जाता येईना. माझ्या जागी जी गेली ती आज माझी वरिष्ठ आहे. बाई चांगली आहे, तक्रार नाही. म्हणजे, आहे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामात जातो.

खरं लिहायला बसले ते शाळेमुळे. इथे पाच वर्षं प्राथमिक, तीन वर्षं माध्यमिक, आणि तेराव्या वर्षीच पुढची शाळा निवडायची. त्याआधी शिक्षक लेखी सल्ला देतात. माझ्या लेकीची भाषा अजून अडखळत होती. सल्ल्यात लिहून आलं, व्यावसायिक शाळा, विभाग फॅशन. मी शाळेत जाऊन भांडले. परदेशी मूल दिसलं की सुई-दोरा हातात देता का, असं अर्ध्यामुर्ध्या इटालियनमध्ये ओरडले. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही काय काम करता?

मी सल्ला झुगारून लेकीला सायन्सच्या लिचेओत, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, घातलं. पहिल्या वर्षी नापास झाली, वर्ष पुन्हा काढलं. मुलं परकी दिसली की खालच्या पायरीवर ढकलतात, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी मला झोंबलं ते वेगळंच होतं. बारा वर्षं अभिमानाने करते म्हणून सांगत आलेलं काम लेकीला सुचवलं गेलं, आणि मला तो अपमान वाटला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती रात्री माझ्या टेबलावरून मांजरपाटाचे उरलेले तुकडे उचलून नेते. मी विचारत नाही.

तुझी मुलगी आत्ता आली तर तिला भाषेसाठी जेमतेम दोन-अडीच वर्षं मिळतील. इटालियन आजपासून सुरू करा, दोघींनीही. तो सल्ल्याचा कागद आला की आधी तिला वाचू दे.