वाचक विचारतात : खिंडी दोन, बॅटरी एक

प्रश्न : नमस्कार, जुलैअखेर आम्ही दोघं मित्र आल्प्समध्ये भाड्याने ई-माउंटन बाईक घेणार आहोत. सकाळी ऑस्ट्रियातल्या इश्गलहून निघायचं, फिम्बा खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं, मग ऊइनाच्या घळीतून पुन्हा वर चढून इटलीतल्या सेसवेना हटवर (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) मुक्काम, सगळं एकाच दिवसात. बॅटरी 625 वॉट-अवरची आहे, दुकानवाला म्हणतो 100 किमी सहज जाते आणि आमचं अंतर त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे टर्बोवर, मोटरच्या सगळ्यात जोरदार मोडवर, टाकून आरामात जाता येईल ना? माझं वजन 78 किलो, बाईक 24, सॅक 8.

उत्तर : नाही जाता येणार, आणि दुसऱ्या चढावर मध्येच अडकाल. ते 100 किमी सपाटीचे असतात हो, डोंगरात किलोमीटर विसरायचे आणि फक्त चढ मोजायचा. इश्गल 1377 मीटरवर आणि फिम्बा खिंड 2608 वर, म्हणजे पहिल्याच घासाला 1200 मीटरच्या वर चढ. मग सगळं कमावलेलं घालवून खाली स्वित्झर्लंडमधल्या सूर एन गावाला 1100 च्या आसपास यायचं आणि परत 2300 पर्यंत. धरून चाला 2400 मीटर.

आता तुम्ही, बाईक आणि सॅक मिळून 110 किलो. एवढं वजन 100 मीटर उंच उचलायला नुसते 30 वॉट-अवर लागतात, त्यात खडी-मातीचं घर्षण आणि मोटरची स्वतःची गळती वेगळी. टर्बोवर बहुतेक काम मोटरच करते, तेव्हा माझ्या हिशेबाने 1600-1700 मीटर चढलात की बॅटरी संपली, म्हणजे पगार दहा तारखेलाच उडवल्यासारखं, आणि पुढचे सातशे मीटर 24 किलोचं धूड पायाने रेटायचं. इकोवर, म्हणजे सगळ्यात कमी मदतीच्या मोडवर, मात्र निम्म्याहून जास्त जोर तुमचा लागतो, दमछाक होते पण बॅटरी पोचते आणि वर थोडी उरतेसुद्धा. म्हणून माझा सरळ सल्ला, इकोवर निघा, मधला मोड फक्त खड्या तुकड्यांना, आणि टर्बोचं बटण आहे हे विसरून जा. अजून एक, जड गिअरवर हळूहळू पाय मारत चढलात तर मोटर तापते आणि आपोआप जोर कमी करते, त्यामुळे गिअर हलका ठेवून मिनिटाला 70-80 फेऱ्या पडतील असं बघा.

जेवताना चार्ज करू म्हणाल तर 4 अँपिअरच्या चार्जरने तासाभरात जेमतेम 140 वॉट-अवर भरतात, इकोवर त्यात सहाएकशे मीटर निघतात म्हणजे अगदीच वाया नाही. पण चार्जर पाठीवर वागवावा लागतो आणि हटवर वीज मोजूनमापून वापरतात, आधी फोन करून विचारा. वाटेत हायडेलबर्गर हट लागते 2264 मीटरवर. गंमत म्हणजे ही जर्मन अल्पाइन क्लबची हट स्विस हद्दीत आहे, रस्ता मात्र ऑस्ट्रियाकडून येतो. तिथे सूप पिऊन निघालात की खिंडीपर्यंतचा तुकडा खडा आणि दगडांचा आहे, बराचसा ढकलतच जावा लागेल, मोटर असो की नसो.

आणि ऊइना! तिथे खडकाच्या भिंतीत सुरुंग लावून 1908 ते 1910 मध्ये वाट कोरलीये, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी. तिथे बाईकवर बसायचं नाही म्हणजे नाही, उतरून ढकलायची. वॉक मोडचं बटण दाबून धरलं की मोटर ताशी 6 किमीपर्यंत बाईक पुढे ओढते, पण बोट सुटलं की थांबते आणि अंगठा पार आखडून जातो. आपण भिंतीच्या बाजूला आणि बाईक दरीच्या बाजूला असं चालायचं, कारण बाईक आत धरली आणि हॅन्डल खडकाला आपटलं तर बाहेर ढकलले जातो आपणच. समोरून चालणारे आले की थांबून त्यांना वाट द्यायची, पहिला हक्क त्यांचा.

उन्हाळ्यात तिकडे दुपारनंतर गडगडाटी पाऊस फार, म्हणून सहाला निघा आणि पहिली खिंड सकाळीच पार करा. ढग चढायला लागले आणि तुम्ही अजून सूर एनलाच असाल तर दुसरा चढ सोडून खालीच मुक्काम करा, हट काही पळून जात नाही. (हटवाल्यांना तेवढं कळवा, नाहीतर ते रात्री शोधाशोध सुरू करतील.) खिंडीपाशी खालच्यापेक्षा सात-आठ अंशांनी तरी गारठा असतो, तेव्हा जॅकेट सॅकमध्ये वरच्यावर ठेवा. तातडीचा नंबर तिन्ही देशांत 112. आणि हो, स्वित्झर्लंडमध्ये 1 एप्रिल 2022 पासून ई-बाईकचा दिवा दिवसापण लावावाच लागतो, भाड्याच्या बाईकला दिवा आहे का ते घेतानाच बघा.

प्रश्न : उतारावर बॅटरी परत चार्ज होते का? आणि लांब उतारावर माझे ब्रेक करकर वाजायला लागतात, वास पण येतो.

उत्तर : नाही होत. माउंटन बाईकची मोटर पेडलपाशी असते आणि मागच्या चाकाला फ्रीव्हील, त्यामुळे उतारावर चाक फिरतं पण ते मोटरला फिरवत नाही. सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाळायची, तुम्हाला येतो तो वास त्याचाच. हजार मीटरच्या उतारावर ब्रेक हलके धरून ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय. वेग वाढू द्यायचा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडायचा आणि लगेच सोडून द्यायचे, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. लिव्हर हॅन्डलपर्यंत यायला लागली की तिथेच थांबा, दहा मिनिटं बसा, पण डिस्कला हात लावू नका, चांगलाच भाजतो. ई-बाईकला 200 मिमीच्या डिस्क आणि मेटलचे पॅड बरे, वाजतात जास्त पण उष्णतेत टिकतात. एक जोडी पॅड सोबत ठेवाच.

प्रश्न : मिस्टर साध्या माउंटन बाईकवर आणि मी ई-बाईकवर, असं जमेल का? ते म्हणतात ई-बाईक म्हणजे चीटिंग.

उत्तर : ताई, जमेल की, उलट छान जमेल. चढावर तुम्ही इकोवर त्यांच्या वेगाने जा, वर पोचून वाट बघत बसलात की घाम वाळून थंडी भरते. जास्तीचं पाणी आणि टूल तुमच्या सॅकमध्ये. आणि चीटिंगचं म्हणाल तर युरोपातल्या नियमाने मोटर 250 वॉटची आणि ताशी 25 किमीपर्यंतच मदत करणारी, त्यात पाय मारले नाहीत तर तीही बंद. एखाद्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी एकदा बाईक अदलाबदल करा, विषयच संपेल.

प्रश्न : स्वतःची ई-बाईक विमानातून नेता येईल का?

उत्तर : बाईक येईल, बॅटरी नाही. प्रवासी विमानात 160 वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि तुमची 500 च्या पुढची असणार. तिकडेच भाड्याने घ्या, आणि घेताना चार्जर आणि बॅटरीच्या कुलपाची किल्ली दोन्ही मागून घ्या, कारण हटवर बॅटरी काढून आत चार्जिंगला लावायची तर किल्लीशिवाय निघत नाही.