क्रमेलचे कागद वाचायला घेतोयस तर हे आधी वाच

अलेक्झांडर क्रमेलवर काम करायचं ठरवलंस हे फार छान केलंस, माणूस खरंच मोठा. १८१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्म, कृष्णवर्णीय म्हणून चर्चच्याच सेमिनरीने (पाद्री घडवणारी शाळा) दार बंद केलं तरी एपिस्कोपल (अमेरिकेतलं एक प्रोटेस्टंट चर्च) पाद्री झाला, केंब्रिजची डिग्री घेतली आणि मग पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जवळपास वीस वर्षं शिकवत राहिला.

त्याचे कागद न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग सेंटरला (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संशोधन ग्रंथालय) आहेत, पण थेट बॉक्स मागवू नकोस, आधी कॅटलॉग नीट वाच, त्यात बराचसा भाग हस्तलिखित प्रवचनांचाच आहे हे कळेल. नवीन माणूस प्रवचनं बाजूला ठेवून पत्रांमागे धावतो, तसं करू नको. शिक्षणाबद्दल, स्वतःच्या समाजाबद्दल त्याला काय वाटायचं ते प्रवचनांतच सापडतं. आणि एकच प्रवचन पाद्री लोक पुन्हा पुन्हा वापरायचे, त्यामुळे शाई बदललीये का, समासात नंतर काही घुसडलंय का, खाडाखोड कुठे आहे ते बघत जा.

पत्रात तारखेपुढे 'अल्ट' (ult., लॅटिन ultimo चं लघुरूप) दिसलं तर तो मागचा महिना, म्हणजे ३ मार्चच्या पत्रातलं '२० अल्ट' म्हणजे २० फेब्रुवारी, इथे टाइमलाइनची हमखास वाट लागते. त्यात लायबेरियाची टपाल जहाजाने जायची, म्हणून उत्तर कुठल्या पत्राला आहे ते जुळवूनच नोंद कर.

त्याने लिहिलेली पत्रं मात्र ज्यांना गेली त्यांच्या कागदांत शोधावी लागतात, चर्चच्या मिशनला (धर्मप्रसाराचं काम बघणाऱ्या मंडळाला) पाठवलेली एपिस्कोपल चर्चच्या आर्काइव्ह्जमध्ये बघ. फोटो काढताना बॉक्स आणि फोल्डर नंबरचं लेबल प्रत्येक फ्रेममध्ये येऊ दे.