सातपुडा पायथ्याशी एका रेषेत का कापल्यासारखा दिसतो? तिथे भूकंपाची भेग आहे का?

हो, आहे. जळगाव जिल्ह्यात चोपडा ते रावेर रस्त्याने जाताना उत्तरेला पाहा, डोंगर जवळजवळ सरळ रेषेत संपतो. नुसत्या पाण्याने झिजलेला डोंगर असा सरळ राहत नाही. या भेगेवर उत्तरेची बाजू उंच राहिली आणि तापीचं खोरं खचलं.

पुरावा बोअरच्या मातीत सापडतो. यावल-रावेरच्या पायथ्याशी गोटे आणि भरड वाळू लागते, नाल्याचं पाणी त्यात जिरून दिसेनासं होतं. नदीकडे गेलात की गाळ बारीक होतो आणि त्याची जाडी शेकडो मीटर भरते. आपली केळी ज्या मातीवर उभी आहे, ती या खचलेल्या खड्ड्याची भरती आहे!

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. तापीकाठच्या उंच दरडी आणि घळी पाहा. ज्या नदीने गाळ टाकला, तीच आता तो खोल कापते आहे. पावसाचं मान बदलल्यानेही असं होतं, तरी जमीन उचलली जात असल्याची ही खूण मला महत्त्वाची वाटते. कारण याच नर्मदा-तापी पट्ट्यात 1997 चा जबलपूरचा भूकंप दाबामुळे झाला, भेगेची एक बाजू दुसरीवर चढली. म्हणजे पूर्वी ताणाने खचलेली जुनी भेग आता उलट्या दिशेने सरकू शकते. 14 मार्च 1938 ला सातपुड्यातही 6 पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला होता.

चोपड्याजवळ उनपदेवला गेलात तर गरम पाण्यात हात घालून पाहा. ते पाणी अशाच भेगांतून खोलवरून वर येतं.