.३२ रिव्हॉल्व्हरसाठी घरी मेणाच्या गोळ्या बनवून हॉलमध्येच प्रॅक्टिस केली तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हापशाला राहता, .३२ चं लायसन्स आहे, काडतुसं महाग आणि वर्षाला मोजकीच मिळतात, पावसात बाहेर पडायचा कंटाळा, आणि मित्र म्हणतोय की काडतुसातली दारू काढून टाकायची, शिशाच्या जागी मेण लावायचं आणि नुसत्या प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी छोटी टोपी) हॉलमध्ये मारायचं, काही होत नाही. माझं उत्तर सरळ आहे, करू नका. पण नुसतं नको म्हटलं तर तुम्ही युट्यूब बघून करणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी दहा वर्षं एअर पिस्तूल मारतोय, कोणी मोठा खेळाडू नाही, पण चुका भरपूर करून झाल्यात.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. तुमचं लायसन्स बंदूक आणि काडतुसं बाळगायचं आहे, काडतूस बनवायचं नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळं लायसन्स लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याशिवाय बनवला तर शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ‘मेणाचंच तर होतं हो साहेब’ हे पोलीस स्टेशनात सांगून बघायची माझी तरी हिंमत नाही.

आता खरी गोष्ट. तुमचा मित्र म्हणतो की ताकद कमी म्हणजे धोका कमी. बंदुकीच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे, कारण ताकद कमी असली की गोळी नळीतून बाहेर येईलच याची खात्री राहत नाही. जोरदार काडतुसाचा बार निघाला की नळी मोकळी झाली हे निदान कळतं. कमी ताकदीच्या काडतुसात नुसतं फट् होतं, आणि मेण बाहेर पडलं की मध्येच चिकटून बसलं हे बाहेरून काही दिसत नाही. मग तुम्ही परत चाप ओढता. किंवा जास्त वाईट म्हणजे प्रॅक्टिस संपवून, रात्री उशाशी ठेवायची म्हणून त्यात खरी काडतुसं भरता. नळीत काही अडकलेलं असताना मागून खरी गोळी आली की नळी फुगते नाहीतर फाटते, आणि तिच्या मागे तुमचा हात असतो, चेहरा असतो.

माझ्या मामाची सत्तरी तालुक्यात बागायत होती, माकडं आणि रानडुकरांसाठी एकनळी बाराबोर होती. निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा, निकाल लागला की परत. ती परत आली की मामा घरात घ्यायच्या आधी अंगणातच मोडायचा (म्हणजे बिजागरीतून उघडायचा, बाराबोरवाल्यांना कळेल) आणि नळी आभाळाकडे धरून आतून बघायचा. मला सांगायचा, ‘पयलीं नळी पळय,’ म्हणजे आधी नळी बघ. मला ते तेव्हा नाटक वाटायचं. एकदा पावसाळ्यानंतर त्याने नळी वर धरली आणि उजेडच दिसेना. कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलं होतं! गजाने ठोकून काढलं तर मातीचा घट्ट गोळा अंगणात पडला, त्यात मेलेले कोळी. बोटाच्या पेराएवढी माती, पण मामाने त्या दिवशी बंदुकीला परत हात लावला नाही, जेवताना पण गप्प होता.

आणि हे खेडवळ भय नाही. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली १९९३ मध्ये सिनेमाच्या सेटवर मेला तो याच प्रकारात. तिथल्या लोकांनी खऱ्या काडतुसांतली दारू काढून दिखाऊ काडतुसं बनवली होती, पण प्रायमर तसाच राहिला. नुसत्या प्रायमरच्या जोरावर एक गोळी नळीत सरकली आणि तिथेच अडकली, कोणी नळी बघितली नाही, नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक (दारू असलेलं पण गोळी नसलेलं काडतूस) भरून बार काढला आणि मागच्या दाबाने ती गोळी बाहेर पडली. तुमचा मित्र जे सांगतोय त्याच्याशी ताडून बघा. दारू काढली, प्रायमर ठेवला. फरक फक्त मेणाचा.

मेणाबद्दल म्हणाल तर गोव्यात मे महिन्यात दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर मेणबत्ती ठेवून बघा. मऊ झालेलं मेण काडतुसात खाली सरकतं, नळीला आतून थर धरतं, आणि तो थर कापडाने एका फेरीत निघत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरमध्ये दाब कमी पडला की प्रायमर काडतुसातून थोडा मागे सरकून बाहेर येतो आणि सिलिंडर फिरायचा अडतो. मग माणूस काय करतो, भरलेलं रिव्हॉल्व्हर हातात धरून सिलिंडर जोर लावून फिरवतो, नळी कुठे वळली याचं भान नसतं. अपघात या असल्या झटापटीत होतात.

मेणाच्या गोळीची हौस नवीन नाही म्हणा. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांवर मेणाच्या गोळ्या झाडायची, प्रदर्शनी खेळ म्हणून. पण अंगात जाड कोट, तोंडावर जाड काचेचा मुखवटा आणि पिस्तुलावर बोटं वाचवायला वेगळी ढाल. मेण डोळा फोडतं हे त्यांना माहीत होतं. तुमच्या हॉलमध्ये दुपारी पोरं शाळेतून येतात असं तुम्हीच लिहिलंय.

प्रायमरमध्ये साधारणपणे शिशाचा क्षार असतो, तो बंद खोलीत धूर होऊन सोफ्यावर, पडद्यावर, जमिनीवर बसतो, आणि रांगणारं मूल तो हाताने तोंडात घालतं. पावसात खिडक्या लावून मारणार म्हणजे तर बघायलाच नको. कानाचं पण बघा, बंद खोलीत नुसत्या प्रायमरचा आवाज सुद्धा कानात सुई घातल्यासारखा बसतो.

मग करायचं काय? घरात गोळी मारायचीच असेल तर एअर पिस्तूल घ्या. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर आर्म्स लायसन्स लागत नाही, आणि अभिनव बिंद्राचं २००८ चं गोल्ड, मनू भाकरची २०२४ ची दोन्ही ब्राँझ दहा मीटर एअरचीच आहेत, म्हणजे खेळणं समजू नका. पण तिथेही माझी फजिती ऐका. आमचं फोंड्याचं घर जुनं, चिऱ्याच्या भिंती. मी पडवीपासून मागच्या खोलीपर्यंत बरोबर दहा मीटर मोजून काढले आणि भिंतीला प्लायवूड टेकवून त्यावर टार्गेट लावलं. चिरा मऊ असतो, छर्रा खाऊन टाकेल असा माझा हिशोब. महिनाभर मस्त चाललं. रोज त्याच जागी मारून प्लायचा मधला भाग भुसा झाला होता आणि मला कळलंच नाही. एक दिवस छर्रा आरपार गेला, मागे भिंतीत जुन्या फळीचा लोखंडी खिळा होता, त्याला लागून उलटा आला आणि देवघराच्या समईची वात विझली. खोटं वाटेल, पण वातच विझली, काचेच्या फोटोला काही नाही. आई स्वयंपाकघरातून आली, समईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एअर पिस्तूल आठ दिवस तिच्या कपाटात गेलं.

त्यानंतर मी लोखंडी ट्रॅप आणला, आतली पाटी तिरकी असते, छर्रा खाली पेटीत पडतो. त्याच्या मागे जुनी सतरंजी दुमडून टांगली. टार्गेटच्या बाजूचं दार आतून कडी लावून बंद, म्हणजे खोलीत यायचं तर माझ्या पाठीमागूनच यावं लागतं. चष्मा घालतो. गोल स्टीलचे छर्रे घरात अजिबात नाही, ते टणक, उलटे येतात, चपट्या तोंडाचे शिशाचेच घ्या, आणि झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका.

तुमच्या रिव्हॉल्व्हरची प्रॅक्टिस तर गोळीशिवायच करा, ड्राय फायर. स्नॅप कॅप म्हणून खोटी काडतुसं मिळतात, दारू नाही, प्रायमर नाही, पिन आपटायला मऊ गादी. खरी काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून यायची, मग सिलिंडर उघडून डोळ्याने बघायचं, बोटाने चाचपायचं, आणि रोज एकाच भिंतीकडे तोंड, जिच्यामागे कोणी राहत नाही. पंधरा मिनिटं चाप इतका हळू ओढायचा की पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) हलता कामा नये. कंटाळवाणं आहे, पण आमचे कोच महिनोन्महिने हेच करून घ्यायचे, आणि माझा स्कोअर जो काही वाढला तो छर्रे संपले होते त्या महिन्यात वाढला. संपली प्रॅक्टिस की ‘संपली’ असं मोठ्याने म्हणा आणि उठा, परत एकदाच म्हणून बसू नका. लोक बहुतेक त्या ‘परत एकदाच’ मध्येच फसतात, तोवर काडतुसं भरून झालेली असतात.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की मित्राने दोन काडतुसं आधीच पक्कडीने उघडून ठेवलीत. त्यातले प्रायमर जिवंत आहेत, ते ठोकून काढायला जाऊ नका, आणि पाण्यात बुडवले की मेले असंही समजू नका. पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे कुलपात ठेवा आणि जिथून काडतुसं घेतलीत त्या डीलरला आज फोन करा, खिशात घालून दुकानात घेऊन जाऊ नका, आधी विचारा.