गोळी पोटात, झोप डोळ्यांवर

“मॅडम, गोळीशिवाय मला आता झोप लागणारच नाही का?” माझ्याकडे येणाऱ्यांचे शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रश्न हाच असतो. मागे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. पती गेल्यावर डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी अल्प्राझोलाम, म्हणजे मन शांत करून झोप लागू देणारी गोळी, दिली होती. त्याला दोन वर्षं झाली. मध्ये मनानेच बंद केली, तर तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. “माझी स्वतःची झोप मेली हो,” त्या म्हणाल्या.

मेली नव्हती. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींची धावपळ आवरत असतं. ही गोळी नवी झोप आणत नाही, गाबाचाच जोर वाढवते: क्लोराइडचे कण पेशीत जास्त शिरतात, पेशी थंडावते. रोजच अशी मदत मिळाली की मेंदू स्वतः हात आखडता घेतो. मग गोळी अचानक थांबली की झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते. क्वचित फिटचे झटकेही येतात, म्हणून मनाने बंद करणं धोक्याचं. पण त्या तीन रात्री गोळी सुटल्याच्या होत्या, त्यावरून झोपेची परीक्षा होत नाही.

हे त्यांना पटलं, भीती मात्र हलली नाही. चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, “गोळी घेतल्यावर किती वेळाने बरं वाटतं?”

“पाच मिनिटांत. गिळली की हायसंच वाटतं.”

“पाच मिनिटांत ती पोटात जेमतेम विरघळायला लागते. रक्तात तिचा जोर पूर्ण चढायला तास-दोन तास लागतात.”

त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “मग मला शांत कोण करतं?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. दिलं नाही. इतक्या वर्षांत मी काही शिकले असेन तर हेच. औषध रसायनावर चालतं, पण त्याची सवय बरीचशी विश्वासावर चालते, असं माझं ठाम मत आहे.

पुढे त्यांच्या डॉक्टरांनी मात्रा काही महिन्यांत हळूहळू उतरवली. माझ्याकडचं काम साधं होतं: उठायची वेळ रोज एकच, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचं, घड्याळ नजरेआड. (उठायला सांगितलं की सगळेच रागावतात. त्याही रागावल्या.)

शेवटच्या भेटीत म्हणाल्या, “काल दोनला जाग आली, साडेतीनपर्यंत जागीच होते.”

“मग?”

“मग काय, पडदे धुवायचे राहिलेत ते आठवलं.”